जूनमध्ये ३ इंच पाऊस पडला तर नाला जवळजवळ कोरडा, ऑगस्टमध्ये पावणेदोन इंचात बेसमेंटमध्ये पाणी, हे कसं काय?

अनु_इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

आम्ही दोन वर्षांपूर्वी लोकमान्य नगरातलं जुनं घर सोडून बिजलपूरच्या पुढे राऊच्या बाजूला रो-हाउस घेतलं. मागे नाला, नाल्यापलीकडे अजून शेतं आहेत, शेजारी एक खाली प्लॉट आहे ज्याच्यावर कोणी काही बांधत नाही. घराला छोटं बेसमेंट आहे, त्यात सासऱ्यांची पुस्तकं, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपती-गौरींचं सगळं सामान.

सासऱ्यांना पाऊस मोजायचा नाद आहे. गच्चीवर सरळ काठाचा काचेचा डबा ठेवतात, सकाळी ८ ला पट्टी लावून मोजतात आणि कॅलेंडरवर लिहितात (दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच, त्यामुळे एकदा दूधवाल्याला ४५ लिटरचे पैसे द्यायला निघाले होते). तर त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत ७५ मिमी पडला, म्हणजे ३ इंच. मी घाबरून सकाळी मागे जाऊन बघितलं तर नाल्यात घोट्याएवढं पाणी. खाली प्लॉटवर डबकंसुद्धा नाही.

आणि आता ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवस रोज १०-१५ मिमी अशी रिमझिम चालू होती आणि मग एका रात्री ४५ मिमी पडला, फक्त पावणेदोन इंच, तर नाला पुलाच्या पट्टीला लागला, प्लॉटचं तळं झालं, बेडूक वगैरे. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी दुपारी. पाऊस थांबून सात-आठ तास झालेले, चक्क ऊन पडलेलं, आणि बेसमेंटमध्ये पाणी! जिन्यावरून नाही आलं, जिना कोरडा ठणठणीत. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथून बारीक रेघेसारखं येत होतं, हात लावला तर गार, आणि एकदम निवळ, गढूळ अजिबात नाही. गौरींचे मुखवटे वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या फळीवर ठेवले होते ते भिजले आणि ज्येष्ठेच्या गालावर कुठल्यातरी सेलच्या जाहिरातीची उलटी अक्षरं उमटलीत. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

आणि वर कहर म्हणजे आमचं बोरिंग. ४५० फूट आहे, आणि अजूनही पंप वीस मिनिटं चालतो मग नुसती हवा. म्हणजे भिंतीतून पाणी येतंय आणि बोरमध्ये नाही. मग जमिनीत पाणी आहे की नाही? आणि जास्त पाऊस पडला तेव्हा पूर नाही, कमी पडला तेव्हा पूर, हे काय गणित आहे? कोणी समजावून सांगेल का, पण सोप्या भाषेत, मी कॉमर्सची आहे.

---

पोहे_जिलेबी

ताई यात गणित-बिणित काही नाही. नाला चोक झालाय. जूनमध्ये साफ केला असेल, ऑगस्टपर्यंत त्यात गाद्या, थर्माकोल, नारळ, काय काय पडलं असेल ते तुम्हीच जाऊन बघा. आणि जिकडे तिकडे सिमेंट रोड केलेत, पाणी मुरणार कुठे? आमच्या लहानपणी राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत जाताना कान्ह नदी अशी नव्हती, असो, तो विषय काढला की माझं बीपी वाढतं. कमी पावसात पूर म्हणजे चोकअप, दुसरं काही नसतं भिया.

---

सोयाबीनवाला

चोकअप असेलही पण मूळ गोष्ट माती आहे. मी देपालपूरकडचा, घरची काळी जमीन, तर हे आम्ही दरवर्षी बघतो.

मे महिन्यात आमच्या शेतात या, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. एका वर्षी आमच्या आप्पांचा पाना भेगेत पडला, काठी घालून शोधला, नाही सापडला, दोन वर्षांनी नांगरताना दुसऱ्याच कोपऱ्यात निघाला. ही माती अशी आतल्या आत वरखाली होत असते, खालची वर येते, वरची भेगेतून खाली जाते. तर जूनचा पाऊस जेव्हा पडतो ना तेव्हा तो जमिनीवर पडतच नाही असं समजा, सरळ भेगांमध्ये जातो. कितीही जोरात येऊ दे, शेताच्या बांधाबाहेर थेंब जात नाही. तुमच्या खाली प्लॉटवर डबकं नव्हतं ते म्हणूनच, तो प्लॉट आतून फाटलेला होता.

मग माती पाणी पिते आणि फुगते. जुलैच्या मध्यापर्यंत भेगा मिटतात, आणि एकदा मिटल्या की ही माती म्हणजे रबराचा तुकडा. वर पाणी उभं राहतं, खाली जातच नाही. वाफसा (जमीन कामाला येईल इतपत सुकणं) यायला चार-चार दिवस लागतात, तण काढायचा डवरा घालता येत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. म्हणून तर आता रुंद वरंबा आणि सरी करून पेरतात, की जास्तीचं पाणी सरीतून निघून जावं. त्यामुळे ऑगस्टमध्ये आमच्याकडे अर्धा-पाऊण इंच पडला तरी ओढ्याला पाणी येतं आणि जूनमध्ये तीन इंचाला येत नाही, यात आम्हाला काही नवल वाटत नाही.

---

अनु_इंदूर

@सोयाबीनवाला दादा, पान्याची गोष्ट भारी आहे. आणि प्लॉटमध्ये भेगा होत्या हे खरंय, मुलाची सायकल अडकायची. पण मग बेसमेंटमध्ये पाणी कसं आलं? माती रबरासारखी बंद झाली असेल तर पाणी खाली जायलाच नको ना?

---

जुना_ओव्हरसियर

अनुताई, प्रश्न एकदम योग्य विचारलात. मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन घरच्यांना पिडतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे. बसा.

पाऊस पडल्यावर पाणी वाहून जायचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे पाऊस इतक्या जोरात येतो की माती तितक्या वेगाने पिऊ शकत नाही, उरलेलं वाहतं. १९३३ साली हॉर्टन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने हे मांडलं आणि पुढे कित्येक वर्षं सगळे हेच धरून चालले. दुसरा मार्ग म्हणजे पाऊस हळू पडतोय, माती पिऊ शकली असती, पण पोटात जागाच नाही. खालून भूजल वर येत येत जमिनीच्या पृष्ठभागाला टेकलंय, मग वरून पडलेला थेंब जाणार कुठे, तो जसाच्या तसा वाहतो. हे डन आणि ब्लॅक या दोघांनी १९७० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या एका टेकडीच्या उतारावर मोजून दाखवलं. त्यांना दिसलं की सगळ्या उतारावरून पाणी वाहतच नाही, फक्त ओढ्याच्या काठची खोलगट जागा, जिथे भूजल उथळ आहे, तिथून वाहतं. आणि पाऊस लांबला की ही भरलेली जागा पसरत जाते, उघडीप मिळाली की आक्रसते. म्हणजे नाल्याला पाणी देणारी जमीन जूनमध्ये वेगळी आणि ऑगस्टमध्ये वेगळी. तुमचं घर नाल्याच्या काठी आहे, आता लक्षात येतंय ना कुठे चाललोय ते?

आधी आकडे बघू, कॉमर्सवाल्यांना आकडे आवडतात. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात एक साधी पद्धत काढली, कर्व्ह नंबर म्हणतात, आपल्याकडेही छोटी धरणं, शेततळी यांच्या हिशोबाला सर्रास वापरतात. त्यात जमिनीला एक नंबर द्यायचा, समजा ८०; नंबर जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहणार. मग मागच्या ५ दिवसांत किती पाऊस झाला ते बघायचं. पीक उभं असतानाच्या दिवसांत ३६ मिमीपेक्षा कमी असेल तर जमीन कोरडी धरायची, नंबर उतरून ६४ च्या आसपास येतो. ५३ मिमीपेक्षा जास्त असेल तर ओली धरायची, नंबर चढून ९० होतो. बाकी गुणाकार-भागाकार मी केला:

तुमचा जूनचा ७५ मिमी, कोरडी जमीन: वाहून गेला ११ मिमी.
तुमचा ऑगस्टचा ४५ मिमी, आधी पाच दिवसांत साठेक मिमी झालेला, म्हणजे ओली जमीन: वाहून गेला साधारण २३ मिमी.

पाऊस जवळजवळ निम्मा आणि वाहिलेलं पाणी दुप्पट! एका एकरावर १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर, तर जूनमध्ये एकरी ५ हजार लिटरचे ९ टँकर नाल्यात गेले आणि ऑगस्टमध्ये १९. नाल्याच्या वर किती एकर शेतं आहेत ते तुम्हीच गुणा. आणि ही मूळ अमेरिकन रीत झाली, आपल्याकडे काळ्या मातीसाठी त्यात बदल केलाय, सुरुवातीला माती जे पिऊन टाकते तो हिस्सा कोरड्यात जास्त आणि ओल्यात कमी धरायचा, तसं केलं तर ६ आणि २६ येतात. सोयाबीनवाल्यांच्या भेगा त्या बदलात आल्या म्हणा.

बेसमेंटचं पुढच्या पोस्टमध्ये, चहा आलाय.

---

पोहे_जिलेबी

काका मान्य, पण ही शेताची गणितं झाली. शहरात कुठे माती उरलीय?

---

जुना_ओव्हरसियर

@पोहे_जिलेबी तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मी अजिबात नाकारत नाही. पत्रा, स्लॅब, सिमेंट रोड यांच्यावर पडलेल्या पाण्यातलं ८०-९० टक्के वाहतंच, जून असो की ऑगस्ट. सराफ्यात जमिनीतल्या ओलीला कोण विचारतो. पण अनुताईंच्या नाल्याला वरून पाणी देणारी जमीन अजून शेती आहे, त्यांनीच लिहिलंय. आणि नाला चोक असता तर जूनमध्ये निदान त्यांच्या पुलापाशी तुंबलेला दिसला असता, घोट्याएवढं पाणी कसं असेल? चोकअपने पाण्याची उंची वाढते, वरून येणारं पाणी वाढत नाही.

आता बेसमेंट. इंदूरखाली काय आहे? वर काही फूट काळी माती, कुठे दोन फूट, कुठे पंधरा. त्याच्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्याच्याखाली कडक काळा पत्थर, दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, बोअरवाले त्याला गेरू म्हणतात, तो चिकणमातीसारखा असतो आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

सोयाबीनवाले म्हणतात माती बंद होते ते खरं, पण ती बंद व्हायच्या आधी जून-जुलैमध्ये भेगांतून जे गेलं ते मुरमात जाऊन बसलंच की. शिवाय जिथे खोदलंय, पाया भरलाय, तिथली माती मूळची राहत नाही, तिथून पाणी वाट काढतं. आणि मुरूम-पत्थरात पाणी मावतं किती? आपल्या बेसाल्टमध्ये जेमतेम १ ते ३ टक्के. समजा २ धरा. म्हणजे १० मिमी पाणी खाली मुरलं तर भूजल किती चढेल? १० भागिले ०.०२, ५०० मिमी. अर्धा मीटर! तुमच्या त्या रिमझिमीच्या आठवड्यातलं २० मिमी जरी खाली उतरलं असेल तरी पातळी मीटरभर चढली. वाळूत असं होत नाही, वाळूत तेवढंच पाणी दहा-पंधरा सेंटीमीटर चढवेल. आपला दगड म्हणजे अरुंद तोंडाची बाटली, चमचाभर टाकलं की भरते.

म्हणून ते पाणी दुपारी आलं, पाऊस थांबल्यावर. वरून आलेलं असतं तर रात्रीच आलं असतं आणि गढूळ आलं असतं. निवळ, गार आणि उशिरा, ही तिन्ही लक्षणं खालून आलेल्या पाण्याची. कोकणात याला उपळ फुटली म्हणतात.

बोअरचं उत्तर सोपं आहे. ४५० फुटांच्या बोअरला वरच्या मुरमात केसिंग पाइप घातलेला असतो, म्हणजे वरचं पाणी बोअरमध्ये येऊच नये अशी सोय आपणच केलेली असते. त्याचं पाणी येतं खालच्या थरांतल्या फटींमधून, आणि त्या फटी भरायला महिने लागतात, शिवाय आजूबाजूचे पन्नास बोअर तिथूनच ओढतायत. म्हणजे तुमच्या घराखाली दोन भूजलं आहेत, एक वरच्या मजल्यावरचं आणि एक खालच्या. पुराशी संबंध वरच्याचा, बोअरशी खालच्याचा. लोक म्हणतात बोअर आटलीय म्हणजे जमीन रिकामी आहे, पाऊस पडला तर मुरेल, तर तसं नाही.

---

वाफसा

काका, एक दुरुस्ती करू का? मी ॲग्रीकल्चरची आहे, मास्टर्सला मातीतल्या ओलाव्यावरच काम केलं.

कोरडी जमीन नेहमी पाणी पितेच असं धरू नका. काळ्या जमिनीला भेगा पडतात म्हणून ती पिते. पण जिथे जेसीबी आणि डंपर फिरलेत, माती दाबली गेलीय, किंवा उघडी माती आहे आणि पहिल्याच टपोऱ्या थेंबांनी वर पापडी धरलीय, तिथे खाली अगदी कोरडं असूनही वरून पाणी पळतं. मी मेमध्ये साइटवर बघितलंय, पाणी वाहून गेल्यावर बोटाने उकरलं तर अर्ध्या इंचाखाली धूळ. तेव्हा ताई, त्या खाली प्लॉटवर उद्या कोणी भराव घालून रोलर फिरवला तर पुढच्या जूनमध्ये तुमच्याकडे चित्र वेगळं असेल.

आणि दुसरं, पाऊस फारच मोठा असला की आधीच्या ओलीचा फरक कमी होतो. २०२० च्या २१-२२ ऑगस्टला इंदूरमध्ये एका दिवसात दहा इंचांच्या वर पडला होता, आठवतंय ना सगळ्यांना? काकांच्याच पद्धतीने मी २६० मिमी घालून बघितलं तर कोरड्या जमिनीवरून १४२ आणि ओल्यावरून २३० मिमी वाहतं. म्हणजे दीडपटीच्या थोडं वर. तेच ७५ मिमीला ११ आणि ५०, साडेचार पट. तेव्हा जमिनीची ओल खेळ करते तो मुख्यतः मधल्या पावसांत, आपल्या रोजच्या इंच-दोन इंचवाल्या. दहा इंच आला की कोरडी काय नि ओली काय, भेगा तासाभरात भरून जातात.

माती किती ओली हे बघायचं असेल तर लॅबमध्ये अगदी गावठी पद्धत आहे, ओली माती वजन करायची, १०५ डिग्रीला २४ तास ओव्हनमध्ये ठेवायची, परत वजन करायचं. हॉस्टेलला आम्ही त्याच ओव्हनमध्ये पापड भाजायचो, गाइडना कळलं तेव्हा फार बोलणी खाल्ली. आता नासाचा स्मॅप म्हणून उपग्रह आहे २०१५ पासून, तो वरून ओल मोजतो, पण वरच्या ५ सेंटीमीटरचीच. तुमच्या बेसमेंटच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते त्याला काय कळणार.

---

जुना_ओव्हरसियर

@वाफसा शंभर टक्के मान्य. पापडीचं मी विसरलोच होतो, लिहिलंत बरं केलंत.

---

बडोद्याचा_बंड्या

आमच्याकडे २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने ३५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी २५ आहे. दांडिया बाजारातल्या मावशीकडे तळमजल्यावर पलंग तरंगत होता आणि सोसायटीच्या गेटवर मगर. तेव्हाही सगळे म्हणत होते एवढा पाऊस तर पूर्वीही झालाय. पण जमीन आधीच गच्च, वरचं आजवा सरोवर भरत आलेलं, सगळं पाणी एकदम खाली. माती भरलेली असणं आणि तलाव भरलेला असणं यात तसा काही फरक नाही, दोन्हीकडे जागा उरलेली नसते. असो, इंदूरवाल्यांचं चालू द्या, तुमच्याकडे मगरी नाहीत तेवढं सुख माना.

---

जुना_ओव्हरसियर

अनुताई, दोन गोष्टी सांगा. जवळपास एखादी जुनी उघडी विहीर आहे का, बोअर नाही, विहीर? असेल तर दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा आणि बेसमेंटची खोली किती तेही लिहा. सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्ड वर्षातून चारदा हेच करतं, जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर.

दुसरं, खाली प्लॉटच्या कडेला फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासाभरात किती उतरलं ते पट्टीने मोजा.

आणि हो, तिसरं. छताचं पाणी कुठे सोडलंय?

---

अनु_इंदूर

काका सॉरी, उत्तर द्यायला चार दिवस लागले, मध्ये पाहुणे होते.

नाल्यापलीकडच्या शेतात दगडी विहीर आहे, सासरे आणि मुलगा काल गेले होते. शेतकरी दादा म्हणाले मेमध्ये तळाला खडक दिसत होता, तीस-बत्तीस फूट. काल मोजलं तर पाणी जमिनीपासून ५ फुटांवर!! आमचं बेसमेंट ८ फूट खोल आहे. म्हणजे... आम्ही विहिरीत गाद्या ठेवल्यात असंच ना हे?

खड्ड्याचं पण केलं. पहिल्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच होतं, मुलाने त्यात कागदाची होडी सोडली. दुसऱ्यांदा भरून मोजलं तर तासात अर्धा सेंटीमीटर. मेमध्ये याच प्लॉटमध्ये मी कपडे धुतलेलं पाणी बादलीने टाकायचे ते भेगेत गुडुप व्हायचं, ओल्याचा डागसुद्धा दोन मिनिटांत जायचा.

आणि छताचं पाणी. काका, हे लिहिताना मला कसंसं होतंय. बिल्डरने घर देताना रिचार्ज पिट, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, करून दिलाय, आम्ही तर मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवतो, पाण्याची बचत वगैरे. गच्चीचा पाइप त्यात सोडलाय. खड्डा ७ फूट खोल, गिट्टी आणि वाळू भरलेली. आणि तो बेसमेंटच्या भिंतीपासून जेमतेम ५-६ फुटांवर आहे. ज्या भिंतीतून पाणी आलं त्याच भिंतीच्या.

---

जुना_ओव्हरसियर

मला वाटलंच होतं.

गच्ची किती, हजार स्क्वेअर फूट धरू? ४५ मिमी पावसात तिच्यावरून चार हजार लिटर उतरलं. त्याआधीच्या पाच-सहा दिवसांचं सहा हजार. दहा हजार लिटर पाणी तुम्ही आठवड्याभरात भिंतीला खेटून मुरमात घातलंत, आणि मुरमात पाणी आधीच पाच फुटांवर. खड्ड्याचा तळ ७ फुटांवर म्हणजे तो स्वतःच भूजलात बुडालेला, त्यात वरून ओतलेलं पाणी खाली जाणार नाही, बाजूला जाणार, आणि बाजूला सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमच्या पायाभोवतीचा भराव. जूनमध्ये हाच खड्डा उत्तम काम करतो, पाणी तीस फूट खाली असतं, कितीही ओता. ऑगस्टमध्ये तो तुमच्याच घरावर उलटतो.

रिचार्ज पिट वाईट नाही, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नका, माळव्यात त्याची गरजच आहे. क्षिप्रेच्या उगमाशी, उज्जैनी गावात, २०१४ पासून नर्मदेचं पाणी आणून सोडावं लागतंय, का? कारण पूर्वी पावसाळा संपल्यावर काठचं उथळ भूजल नदीत झिरपून तिला वाहतं ठेवायचं, आता दिवाळीनंतर पातळी नदीच्या तळाखाली जाते आणि मग नदीचंच पाणी जमीन ओढून घेते. तेव्हा मुरवायला हवंच. पण कुठे आणि कधी हे बघून.

तुम्ही एवढं करा. गच्चीच्या पाइपला खाली एक टी आणि दोन व्हॉल्व्ह टाकून घ्या. जून-जुलै पाणी पिटमध्ये. विहिरीतलं पाणी १२-१५ फुटांच्या वर आलं की पिट बंद आणि पाणी पाइपने उताराच्या बाजूला, घरापासून लांब. जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात पिटच हलवा, घराच्या खालच्या अंगाला, निदान तीस-चाळीस फूट दूर. बेसमेंटला आतून वॉटरप्रूफिंगचा रंग देणारे येतील, त्यांना आधी विचारा बाहेरचा दाब कुठे जाणार. कोपऱ्यात छोटा खड्डा करून त्यात फ्लोटचा पंप बसवलेला परवडतो.

---

पोहे_जिलेबी

मी माझे शब्द मागे घेतो. अर्धे. नाला तरी साफ करून घ्याच.

---

सोयाबीनवाला

विहिरीचं पाणी पाच फुटांवर म्हणजे आता नाल्याकाठच्या शेतात पायाने दाबलं तरी पाणी वर येत असेल. तिथे आत्ता एक सर आली तर पुन्हा नाला भरणार, लक्ष ठेवा.

---

अनु_इंदूर

अपडेट देते, कारण इथे लोक उत्तर घेऊन गायब होतात असं मीच नेहमी म्हणते.

टी आणि व्हॉल्व्ह लागले, प्लंबरला तीनदा समजावावं लागलं की हो, पावसाचं पाणी मला पिटमध्ये नकोय, तो माझ्याकडे दयेने बघत होता. पाइप पुढे नाल्याच्या बाजूला उताराला नेलाय. परवा रात्री कॅलेंडरप्रमाणे ४८ मिमी पडला, नाला पुन्हा पुलाला लागला, तो तर लागणारच होता. बेसमेंटमध्ये दुपारी जाऊन बघितलं तर ओल आली होती, पण एका फडक्यात पुसली गेली. मागच्या वेळी अकरा बादल्या काढल्या होत्या.

सासऱ्यांनी आता दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्यात आणि दर रविवारी विहिरीवर जातात. कॅलेंडरवर पाऊस, दूध आणि विहीर असे तीन रकाने झालेत. शेतकरी दादा त्यांना चहा पाजतात, त्यामुळे मोजणी दोन तास चालते.

ज्येष्ठेच्या गालावरची अक्षरं मात्र जात नाहीयेत. खोबरेल लावून बघितलं, कापसाने दूध लावून बघितलं, उलट रंग निघायला लागला. गौरी यायला नऊ दिवस राहिलेत. पितळेचा नाही, शाडूचा मुखवटा आहे, सासूबाईंच्या सासूबाईंचा. कोणाला काही माहीत असेल तर सांगा, त्यासाठी वेगळा धागा काढू का?

---

वाफसा

काढा. आणि तोवर काहीही चोळू नका.